कुबड्यांवरची माफी

माननीय ओदाजिमा साहेब,

तुम्ही कंपनीच्या हॉकी संघाचे प्रशिक्षक, म्हणून वर 'माननीय' लिहिलं. मनात आलेला शब्द वेगळा होता.

माझ्या मिनोरीचा गुडघा उपांत्य सामन्याआधीच सुजला होता. "पट्टी बांध आणि उतर, दुसरी गोलरक्षक आहे कुठे?" असं तुम्हीच म्हणालात. ती उतरली आणि लिगामेंट तुटलं.

परवा तिला गावी न्यायला मी मैदानावर आलो, तेव्हा तुम्ही सगळ्या मुलींना रांगेत उभं केलं होतं. माझी पोर कुबड्या सावरत त्यांच्यापुढे वाकली. "माझ्या दुखापतीमुळे सगळ्यांना त्रास झाला. माफ करा." एक कुबडी निसटून पडली. तुमची मान हलेपर्यंत ती उचलायला कुणीही पुढे आलं नाही.

साहेब, मी रोज सकाळी आमच्या डोंगरदेवापुढे वाकतो. इतका वेळ तोसुद्धा वाकवून ठेवत नाही. आणि माफी मागायची कुणी? तिनं, की तिला उतरवणाऱ्यानं?

इथवर लिहिलेलं पत्र मी जेवताना तिला वाचून दाखवलं. सूपचा वाडगा खाली ठेवून ती हसली.

"बाबा, झकास लिहिलंय. पण पाठवू नका हं. मला परत खेळायचंय. हे तिथे पोचलं, तर तुमच्या वतीनंही मलाच रांगेपुढे वाकावं लागेल."

म्हणून हे देवापुढेच ठेवतोय. तुमच्यासाठी मात्र तिथे हात जोडणार नाही.

मिनोरीचा बाप,
हेइजी ओइकावा