साडेतीनशेची रेघ

१८ ऑगस्ट, शुक्रवार

शून्य. सलग अकरावा शून्य. सकाळी पंचायतीच्या फळ्यावर आकडा लिहायला गेले तर पारावरचा एक जण म्हणतो, "खडू तरी वाचतोय तुमचा." सगळे खिदळले. खिदळा. मी काय पाऊस पदरात बांधून ठेवलाय?

नळकांडं माझ्या अंगणात आहे म्हणून पाऊस माझ्या मालकीचा झाला का! चार वर्षांपूर्वी हेच सगळे दारात आले होते. गावात मातीचं मोकळं अंगण तुमचंच राहिलंय, बाकीच्यांनी सिमेंट नाहीतर ब्लॉक टाकलेत, पर्जन्यमापक तुमच्याकडेच बसवू. बारावी झालेली सून पण तुमच्याच घरात, नोंद तीच ठेवील. तेव्हा किती गोड बोलत होते. आता सकाळी मी फळ्याकडे निघाले की लोक तोंड फिरवतात.

आजवर एकूण २०१. ग्रामसभेने रेघ मारलीय साडेतीनशेला. २ ऑक्टोबरच्या सकाळपर्यंत साडेतीनशे मिलिमीटर भरला तर रब्बीला कांदा. नाही भरला तर ज्वारी-हरभरा, आणि कांद्याला विहिरीचं पाणी द्यायचं नाही म्हणजे नाही. हा नियम माझा नाही. गावाने हात वर करून केलाय.

२१ ऑगस्ट, सोमवार

शून्य.

अंगणाची पार दैना. शेणाने सारवलं की दुपारपर्यंत तडकतं, पापुद्रे सुटतात, मग वारा ते सगळं घरात आणून टाकतो. दिवसातून तीनदा झाडते. कपाटातल्या साड्यांना सुद्धा धूळ. गाजरगवताला मात्र पाणी लागत नाही! ते आपलं मजेत कमरेएवढं. उपटून उपटून हाताला खाज सुटलीय.

त्यात पर्जन्यमापकाभोवती काही चालत नाही. गवत नको, कपड्यांची दोरी नको, वाळवण नको. आणि सासूबाईंनी आज नेमक्या तिथल्याच कुंपणाच्या तारेवर गोधड्या टाकल्या. मी ओरडले. त्या म्हणाल्या, "पाऊस न्हाई तर भिजतंय काय त्येच्यात?"

मघा लागल्यात. मघा पडल्या की बाहेर पाऊल टाकता येत नाही, चुलीपुढंच बसायची वेळ येते, अशी एक म्हण सासूबाई दरवर्षी म्हणतात. अस्सल शब्द वहीत लिहिण्यासारखे नाहीत. यंदा म्हणायची वेळच आली नाही.

२७ ऑगस्ट, रविवार

शेवगा तोडला. हातात कोयता घेऊन मीच तोडला.

कानिफनाथ, माझे चुलत दीर. त्यांनी परवा पारावर सगळ्यांसमोर काढलं, की राजनंदिनी वहिनींच्या अंगणातला शेवगा वाढलाय, त्याच्या आडोशाने पावसाचं पाणी नळकांड्यात नीट पडत नाही, म्हणून आकडा कमी येतो. अहो, पाऊसच नाही तर आडोसा कशाचा? पण बोलले तेव्हा चारजणांनी माना हलवल्या. आणि खोटं कशाला लिहू, झाड खरंच उंच झालं होतं. झाडाची जेवढी उंची, तिच्या दुप्पट लांब नळकांडं पाहिजे, असं बसवणाऱ्या साहेबांनी सांगितलं होतं. मी पावलं टाकून मोजलं. बसत नव्हतं.

शेवगा सासूबाईंनी लावलेला. निम्मी आळी त्याच्या शेंगा न्यायची. त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "आता वाढंल व्हय पाऊस?"

रामहरी खाटेवर मोबाईल बघत बसले होते. (वहीत नाव घेते. तोंडाने कधी घेत नाही.) म्हणाले, "जाऊ दे." या माणसाचं सगळं आयुष्य जाऊ दे मध्ये गेलं.

३ सप्टेंबर, रविवार

कानिफभाऊजी आज चहाला आले. मी ओळखलंच. चहा संपेपर्यंत जनावरांचं बोलले, मग हळूच — "वहिनी, दोन-दोन वाढवून लिवलं तर कुनाचं काय बिघडतंय? वरून कोन मोजायला येतंय?" पाच एकराचं कांद्याचं बी आणून ठेवलंय त्यांनी. पाऊस पडायच्या आधीच.

मी म्हटलं, भाऊजी, आप्पासाहेबांनी असंच केलं होतं ना?

आप्पासाहेब माझ्याआधी नोंद ठेवायचे, नळकांडं त्यांच्या अंगणात होतं तेव्हा. भला माणूस, पण भिडस्त. कुणी गळ घातली की दोन, कुणी हात जोडले की चार. अशाच वाढवलेल्या आकड्यावर एका वर्षी गावभर कांदा लागला आणि फेब्रुवारीत विहिरी खडखडीत. कांदा पोसलाच नाही. मग मार्चपासून टँकर. तो वेळेवर कधी यायचा नाही, आला की वाघ मागं लागल्यासारखी माणसं धावायची. त्याच गर्दीत सासूबाई पडल्या. उजवा हात मनगटातून मोडला, तो अजून सरळ होत नाही. दोन गाई आम्ही राहुरीला पाहुण्यांकडे नेऊन सोडल्या, त्यातली एक परत आलीच नाही. हे सगळं चार मिलिमीटरने झालं असं मी म्हणत नाही. पण सुरुवात तिथूनच झाली. म्हणून तर आप्पासाहेबांकडून वही काढून माझ्याकडे दिली.

माझ्या हातून असं होणार नाही, असं कानिफभाऊजींना तोंडावर सांगितलं. कप तसाच ठेवून गेले.

९ सप्टेंबर, शनिवार

दोन दिवसांत ४६! एकूण २४७. अंगणाचा चिखल झाला आणि मला त्याचा राग आला नाही, हे लिहून ठेवते.

संध्याकाळ. वरचं लिहिलं आणि गोठ्यामागे गेले, तर दोन वाफे कांद्याच्या रोपाचे! बोटभर उगवलेत. आमच्याच घरात! रामहरींना विचारलं. म्हणाले, "भरलं साडेतीनशे तर रोप कुठून आनायचं ऐनवेळी? सगळ्यांनीच टाकलंय." सगळ्यांनीच! मग ग्रामसभेत हात कशाला वर केले होते? माश्या हाकलायला?

मला सांगितलंही नाही. मी रोज सकाळी फळ्यावर आकडा लिहिते आणि माझ्या पाठीमागे माझाच नवरा वाफ्याला पाणी सोडतो.

१४ सप्टेंबर, गुरुवार. पोळा

काल दिवसभर मी पारनेरला होते, बँकेच्या कामाला. रात्री आले. आज आठला मापलं तर नळकांड्यात सात मिलिमीटर!

आभाळात ढग नाही. पत्रे कोरडे. अंगणातली धूळ कोरडी. आणि नळकांड्यात सात? कुणीतरी ओतलं. कुंपणाच्या दाराची तार पण सुटलेली. माझं डोकंच फिरलं. फळ्यावर शून्य लिहिलं.

संध्याकाळी वेशीत मारुतीपुढे बैल मिरवायला सगळा गाव जमला. मी कानिफभाऊजींपुढे उभी राहिले आणि बोलले. चोरासारखं माझ्या अंगणात शिरून पाणी ओतता, लाज वाटत नाही का? देवाच्या दारात विचारते. असं बरंच काही. बैलांची शिंगं रंगवलेली, पोरं, बाया, पाहुणे, सगळ्यांसमोर. ते म्हणाले, "वहिनी, मी न्हाई केलं." मी म्हटलं, चोर कधी हो म्हणतो का?

रामहरींनी हाताला धरून घरी आणलं. पुरणपोळी कुणीच खाल्ली नाही. मला वाईट वाटत नाही. बोलायलाच पाहिजे होतं.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

आता काय लिहू.

सकाळी भांडी घासता घासता मी अजून कानिफभाऊजींच्या नावाने बोटं मोडत होते. सासूबाई दाराशी बसलेल्या. म्हणाल्या, "परवा धोंडी आली हुती."

आळीतल्या पोरी. एकीला कडुलिंबाच्या डहाळ्या नेसवायच्या, घरोघर फिरवायचं, जो तो तिच्या डोक्यावर पाणी घालणार, मग पाऊस येणार. सासूबाईंच्या लहानपणापासूनची रीत. पोरींनीच कुंपणाची तार सोडली. पावसाच्या नळकांड्याजवळ उभं राहिलं तर पाऊस लवकर ऐकेल, असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंना पटलं! पर्जन्यमापकाच्या कट्ट्यावर धोंडीला उभी केली आणि मोडक्या हाताने कळशी ओतली. निम्मी पोरीवर, उरलेली कुठे ते देवाला माहीत.

"मग पोळ्याला सांगितलं का नाही?" मी ओरडले.

"तू इचारलं का? तू घरातनं निघालीस ती भांडायलाच निघालीस."

त्यांच्यावर चिडायचं, पोरींवर चिडायचं की स्वतःवर, कळेना. शेवटी परातीवर चिडले. तिला पोचा पडला.

१७ सप्टेंबर, रविवार

दोन दिवस धीर होत नव्हता. आज गेले. कानिफभाऊजी गोठ्यात धार काढत होते. म्हटलं, चुकलं माझं. धोंडीचं सगळं सांगितलं. ते वर न बघता म्हणाले, "चोर म्हनालात वेशीत, वहिनी. माफी मागताय गोठ्यात."

तरातरा घरी आले. फार शहाणे! पण बोलले ते खोटं नाही, याचाच जास्त राग येतोय.

१९ सप्टेंबर, मंगळवार

गणपतीच्या आरतीनंतर मंडपात उभी राहिले आणि सगळ्यांसमोर बोलले. मी कानिफनाथ भाऊजींवर खोटा आळ घेतला, पाणी आमच्याच घरून पडलं होतं, माझं चुकलं. बाया एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. हसा बायांनो, तुमचीही वेळ येईल.

कानिफभाऊजींनी प्रसादाची वाटी माझ्या हातात दिली. म्हणाले, "झालं. इसरा आता."

२४ सप्टेंबर, रविवार

३४.

२६ सप्टेंबर, मंगळवार

१९. बरोबर तीनशे. अंगणाला आता सारवण नको, होडी पाहिजे.

२८ सप्टेंबर, गुरुवार

३८. एकूण ३३८. साडेतीनशेला बारा कमी.

गाव नाचायला लागलंय. पारावर मला खुर्ची! परवापर्यंत तोंड फिरवत होते तेच आता "या ताई, या" करतात. मी सरळ विहिरीवर गेले. गेल्या वर्षी या दिवसात विहिरीच्या वीस पायऱ्या पाण्याखाली होत्या. आज मोजल्या, चार. पाऊस पडला तो सगळा धो-धो, अर्ध्या-अर्ध्या तासात, आणि नाल्याने निघून गेला. जमिनीत मुरला कुठे? आकडा भरत चाललाय आणि विहीर रिकामी. हे मी पारावर सांगितलं. एक जण म्हणाला, "ताई, नियम पावसाचा हाय, पायऱ्यांचा न्हाई."

हो, नियम पावसाचाच आहे. बेअक्कल नियम! आणि त्याला हात मीही वर केला होता.

१ ऑक्टोबर, रविवार

दुपारी चारला आभाळ फाटलं. वीस मिनिटं. अंगणात पाणीच पाणी, पोरं नाचतायत, कुणी फटाके लावले. बारा तर सहज भरले असतील. रामहरी भिजत गोठ्यामागे गेले, वाफे बघायला. परत आले ते हसत. लग्नात सुद्धा इतके हसले नव्हते.

पाऊस थांबल्यावर मी शेताकडे निघाले. गावाबाहेरच्या पुलापर्यंत चिखल. पुलापलीकडे धूळ! चपलेला पुढे चिखल लागलाच नाही. बैलाचं एक शिंग भिजतं आणि एक कोरडं, म्हणतात तसा पडला. डोंगर कोरडा, बांध कोरडे, विहिरीत त्याच चार पायऱ्या. नुसता गावठाणावर पडला मेला. पत्र्यांवर, ब्लॉकवर, माझ्या नळकांड्यात.

घरी येऊन रामहरींना सांगितलं. म्हणाले, "तू मोजती ते अंगनात. तितं पडला ना?" सासूबाई उजवं मनगट दाबत बसल्या होत्या, ओल आली की ते दुखतं. म्हणाल्या, "टँकर कवापासनं यील गं मग? मार्च, का त्याच्या आधीच?" त्यांनी ते इतकं साधं विचारलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच.

उद्या आठला मापायचं. दहाला ग्रामसभा.

२ ऑक्टोबर, सोमवार

सोळा भरले.

फळ्यावर नऊ लिहिलं. एकूण ३४७.

सगळा गाव फळ्यापुढे उभा होता. एक जण म्हणाला, परत मोजा. तेव्हा कानिफभाऊजी पुढे आले. म्हणाले, "कशाला? वहिनींनी लिवलं म्हंजे तेवढाच पडला."