अक्षरी मतं

३ मार्च
अध्यक्षपदाचा अर्ज भरला. स्पेअर पार्टवाल्यांची संघटना, गल्ल्या तीन: गिअरबॉक्स, ब्रेक, टायर. समोर अडू-ट्वुम. पोट पुढे, टाय त्याच्याही पुढे. पॉलिटेक्निक शिकलेला. असल्याला मी पानासुद्धा उसना देणार नाही. मी घानाच्या या कुमासी शहरात अनवाणी आलो, आज चार दुकानं आहेत. निकाल उघड आहे.

५ मार्च
सभा. गेल्या निवडणुकीत कोणाच्या तरी ३ चे ३० झाले होते. शून्याला पाय फुटतात, आणि अडू-ट्वुमच्या हातात पेन म्हणजे फुटणारच. म्हणून ठराव मांडला: प्रत्येक पेटीचा निकाल आकड्यात आणि इंग्रजीत अक्षरी. फरक पडला तर अक्षरी खरा. निवडणूक अधिकारी पाद्री अमांक्वा, त्यांनी मान डोलावली. अडू-ट्वुम म्हणाला, मास्टर, लिहिणार कोण, तुमचे ग्रीसवाले? सभा हसली. हसून घ्या.

७ मार्च
शिकवणी सुरू. माझ्या गोदामात, रोज दुपारी, निकाल लिहिणारे बारा जण. तीन पेट्यांवरचे तीन, बाकी राखीव. वन ते टू हंड्रेड. बायको सेरवा म्हणाली, तो दुकानोदुकानी जाऊन पोराबाळांची चौकशी करतोय, आणि तुम्ही दाढीवाल्या बाप्यांकडून ट्वेंटी-वन, ट्वेंटी-टू घोकून घेताय. मी म्हणालो, तुला राजकारण कळत नाही. ती म्हणाली, तुम्हाला माणसं कळत नाहीत. दुर्लक्ष केलं.

१० मार्च
ब्रेक गल्लीचा टुफोर उशिरा आला. नाइन्टी-नाइन पन्नासदा लिहायला लावलं. कुरकुरला, मास्टर, दुकान बंद ठेवून आलोय. म्हणालो, लोकशाही फुकट मिळत नाही.
भाचा दापाह म्हणतो, मामा, थोडा प्रचार करू या. त्याला समजावलं: प्रचाराने मतं मिळतात, अक्षरांनी ती टिकतात. म्हणाला, टिकवायला आधी असावी लागतात. आमच्यात भाचाच वारस, म्हणून ऐकून घेतो.

१४ मार्च
अडू-ट्वुमने तिन्ही गल्ल्यांना आंबवलेल्या मक्याचा बांकू आणि तळलेली मासळी खाऊ घातली. लाचखोर. मी गेलो नाही. दापाहला पाहणीला पाठवलं. संध्याकाळी तेलकट बोटांनी परतला. पाहणी दोनदा केली म्हणे.

१६ मार्च
शिकवणीला नऊच आले. तिघांना एकाच दिवशी मलेरिया. वातावरण आपल्या बाजूने आहे, डोळ्यांत दिसतं.

१८ मार्च, दुपार
मतदान आटोपलं, मोजणी चालू. उमेदवारांना टेबलाजवळ मनाई, म्हणून आंब्याखाली उभा. टायर पेटीवरचा ओचेरे घाम पुसत आला. म्हणाला, मास्टर, काहीच नसलं तर इंग्रजीत अक्षरी काय लिहायचं? खरंच की, शून्य मी शिकवलंच नव्हतं. खांद्यावर हात ठेवला आणि अडू-ट्वुमला ऐकू जाईल असं म्हणालो, निल. मोठं लिही. ज्याचं आहे त्याला लांबून वाचता आलं पाहिजे. ओचेरे माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, बरं.

संध्याकाळ
निल माझं होतं. लांबून वाचता आलं. गिअरबॉक्स: वन. ब्रेक: वन. गिअरबॉक्सचं माझं स्वतःचं. ब्रेकचं त्याचं, अशी दापाहने आईची शपथ घेतली. त्याची आई म्हणजे माझी बहीण, तिच्या शपथा मला ठाऊक आहेत.
अडू-ट्वुमच्या अक्षरी आकड्याची ओळ कागदाच्या कडेला जाऊन वळली.

२० मार्च
तक्रार करणार. आकडा आणि अक्षर कुठेतरी जुळत नसणार. पाद्रींच्या घरी जाऊन तिन्ही कागद भिंगाखाली घातले. एकही चूक नाही. मोत्यासारखं अक्षर. पाद्री म्हणाले, इतका स्वच्छ निकाल मी उभ्या जन्मात पाहिला नाही, शिकवणाऱ्याचं कौतुक आहे. सोबतीला प्रार्थना करू का, असंही विचारलं. नको म्हणालो.

२२ मार्च
मामे आफ्राच्या खाणावळीत मक्याचे केंके घ्यायला थांबलो. फळीपलीकडे ओचेरे आणि टुफोर जेवत होते. माझे कान अजून शाबूत आहेत.
टुफोर म्हणाला, माणूस वाईट नाही रे.
ओचेरे म्हणाला, वाईट कोण म्हणतंय? पण निवडून आला असता तर पावत्यासुद्धा अक्षरी लिहायला लावल्या असत्या.
टुफोर म्हणाला, आणि रोज दुपारी तपासल्या असत्या.
केंके न घेताच परतलो. पावत्यांची योजना मी पद हातात आल्यावर जाहीर करणार होतो. घरात सेरवाशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. दापाहच फुटला असणार.