बटणं उजवीकडंच

१२ ऑक्टोबर २००३, रविवार. संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटं.
हाकललं! मला आणि सोपानला! नारायणगावात स्टँडमागं गेणभाऊचं व्हिडिओ गेमचं दुकान. अर्धांगाचा झटका आल्यापासून सोपाननं, माझ्या धाकट्या भावानं, कशात मन घातलं नव्हतं. आज पडदा, दांडा, बटणं असलेल्या गेमच्या कपाटाकडे आपण होऊन बोट दाखवलं. बसवलं. डाव्या हातानं दांडा धरला, उजवा बटणांवर नुसताच पडलेला. गेणभाऊ म्हणतो, "बाई, ह्यो काय दवाखाना हाय? गिऱ्हाईक खोळंबलंय." आणि प्लग उपटला! वाटेत सोपान माझ्याकडे बघेना.

१५ ऑक्टोबर
तसलं कपाट आता घरीच करणार. उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. वायरी जोडता येतात मला. जुना टीव्ही आहे. सोपानच्या लेकीचा, श्रेयाचा, कॅसेटवाला गेम माळ्यावर पडलाय. त्याचा रिमोट उघडायचा, आतून वायरी काढून मोठ्या बटणांना द्यायच्या.

१९ ऑक्टोबर
बटणं बसवायच्या फळीचा आराखडा काढला. बटणं डावीकडे. सोपान डाव्या हातानं दाबेल, दांडा मी हलवीन.
"आक्का, उज... उजवीकडंच."
"अरे पण तो हात—"
"माझा हाय."
खोडलं. बटणं उजवीकडे.

२६ ऑक्टोबर
गेमची बटणं इथं कुठली मिळायला! विहिरीच्या मोटारीच्या स्टार्टरची आणली, हिरवी आणि लाल. जोडली. पडद्यावरचा माणूस उड्या मारत सुटला, थांबेचना! लाल दाबलं की थांबतो. एरवी जोडलेली वीज दाबल्यावर तोडणं हेच त्या लाल बटणाचं काम, आणि मी बसवलं उडीसाठी!
सोपान हसला. झटक्यानंतर पहिल्यांदा. "कॉन्व्हेंटात... मोटार नव्हती?"
मी शिकले त्या नन्सच्या शाळेत नव्हती रे बाबा. देवा, तुझे उपकार.

२ नोव्हेंबर
सगळी हिरवी बसवली. पण स्प्रिंग दणकट, शेतकऱ्याच्या अंगठ्यासाठी केलेली. सोपानच्या बोटानं हलेना. भिंतीकडे तोंड करून पडलाय. जेवला नाही.

८ नोव्हेंबर
सावळेराम देवासारखा आला. तमाशाच्या फडांच्या बाजाच्या पेट्या दुरुस्त करतो. बटण दाबून बघितलं नि म्हणाला, "आवो बाई, ह्ये बटान हाय का उखळ?" पेटीच्या पट्टीखालची तार कापून, वळवून प्रत्येक बटणात घातली. आता फुंकर मारली तरी दबेल! पैसे घेईना. "भाऊ खेळाय लागला की चा पाजा."
रखमाजी सुतारानं फळीची कड न सांगता गोल केली, मनगट टेकायला. अशी माणसं शेजारी असताना मी रोज कशाला चिडते?
गेणभाऊवर मात्र चिडणारच.

३० नोव्हेंबर
मधलं बोट. एकटं मधलंच. पण बटण दाबलं!! सावळेरामला चहा पाजला. दोन कप.

४ एप्रिल २००४, रविवार
गेणभाऊला चिठ्ठी धाडली: 'आमच्या घरी येऊन सोपानशी एक डाव खेळावा. ११ एप्रिलच्या आत लेखी उत्तर द्यावे. हरायची भीती वाटत असल्यास तसे लिहावे.'
मजकूर माझा. अक्षर सोपानचं. उजव्या हाताचं.