विंगेतले रिकामे स्टूल

वरवंड, ता. दौंड
१९ एप्रिल १९९८

तीर्थरूप म्हाळूमामांस बन्सीचा आदरपूर्वक जयभीम.

सिंधूमामींच्या गुडघ्याची सूज आणि आपला माझ्यावरील राग, दोन्ही एव्हाना थोडे उतरले असतील, या आशेने लिहितो. (आमच्याकडे सर्व ठीक. आई आजपासून माझ्याशी बोलू लागली आहे.)

जयंतीच्या नाटकातून आपल्याला का वगळले, हे मी तेव्हा नीट समजावले नाही. आता क्रमाने समजावतो. पूर्वी दिग्दर्शक म्हणून स्वतंत्र माणूस नसे. जो वही सांभाळी, तोच तालीम घेई, मिशा चिकटवी आणि प्रयोगात विंगेतल्या स्टुलावर बसून प्रत्येक वाक्य नटाच्या आधी स्वतः म्हणे. पुढे, नाटकाचा अर्थ लावणारा एक माणूस हवा, असा विचार रूढ झाला. तो माणूस म्हणजे दिग्दर्शक. पुण्याच्या दहा दिवसांच्या शिबिरात हे मला इतके पटले (प्रमाणपत्राला चौकट करून घेतली आहे), की नटाने संवाद आतून शोधावा म्हणून मी पहिल्याच तालमीत प्रॉम्प्टर बंद केला. याच नाटकाला वीस वर्षे प्रॉम्प्टर म्हणून पाबळहून येणारे आपण वही पिशवीत घालून, न जेवता, एसटीने परत गेलात. त्याचा अर्थ मात्र मी लावला नाही.

प्रयोगाला गर्दी उत्तम होती. शेवटच्या प्रवेशात, मुलीची शाळा बंद करणारा बाप तिची क्षमा मागतो, तेथे बापाचे काम करणाऱ्या नटाने संवाद आतून शोधायला सुरुवात केली. आत काहीही नव्हते. मुलगी झालेली गौतमी त्याच्याकडे पाहत राहिली. शांतता हाही संवादच असतो, असे मी तालमीत शिकवले होते. परंतु तो इतका लांब नसतो. मागून कोणीतरी विचारले, "लाइट गेली का रं?" दुसरा म्हणाला, "लाइट हाय, माणूस गेलाय."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आईचा आवाज आला, "पोरी, तुझी पाटी मी फोडली, आता जोडाया बसलोय. कंसात, रडतो."

मामा, आपण कंसातलेही त्याच दमात वाचत होतात. वीस वर्षे प्रत्येक वाक्य दोनदा ऐकलेल्या लोकांना आपले वाचन पाठ होते, नटांचे नव्हे. पुढचे वाक्य बायकांनी म्हटले, त्यापुढचे सगळ्यांनी, "कंसात, पदर सावरते" यासह. नट सांगितले तसे बोलला आणि सांगितले तेथे रडला. (ते रडणे मात्र आतून होते.) पडदा पडल्यावर शेजारच्या भागुबाई म्हणाल्या, "नाटाक झ्याक झालं. पर म्हाळू न्हवता, तर आमालाच राबावं लागलं."

मामींना जयभीम सांगावा.

आपला आज्ञाधारक भाचा,
बन्सी

ता.क. बुद्धपौर्णिमेला हाच प्रयोग शिरूरला ठरला आहे. आपण वही घेऊन यावे. विंगेतले स्टूल पुसून ठेवले आहे. मिशा मी चिकटवीन.

ता.क. २. पत्र आईला वाचून दाखवले. ती म्हणते, "बाप कोण झालं व्हतं, ते बी लिव्ह." ठरलेला नट माझ्या तालमींना कंटाळून आधीच निघून गेला होता, ते काम मीच केले. कृपया यावे. ते वाक्य मला अजूनही येत नाही.