सातव्या पानावरचं नाव

किरनापूर,
२१ जानेवारी, बुधवार

प्रिय आम्रपाली,

सकाळी दहाला क्लबच्या खोलीवर गेलो, दोनला परत आलो. जेवलो. झोप लागली नाही. फोनवर तू "जेवलात का" विचारतेस, मी "हौ" म्हणतो आणि बोलणं तिथंच संपतं. म्हणून लिहितो आहे.

गावची निवडणूक जवळ आली आहे, आमच्या क्लबाचा माणूस उभा आहे. क्लबात मतदार यादीचं एकेक पान एकेका कार्यकर्त्याला वाटून दिलं आहे. माझ्याकडे सातवं, आपल्या गल्लीचं. पानावरचा कोण गावात आहे, कोण कामाला बाहेर गेला, कोण वारला, हे त्यानं सांगायचं. शेजारची राखी नावं वाचते आणि पुढे खूण करते. रविवारी माझं पान आलं. चैतराम? हाय. त्याचा लोकेश? हैदराबादले गेला. मग तिनं वाचलं, नूतन शालिकराम मेश्राम. मी म्हटलं, "हाय."

मुद्दाम नाही, बाई. तोंडातून गेलं. राखीची पेन्सिल थांबली. मग आमचे अध्यक्ष सुखरामभाऊ हळूच म्हणाले, "राहू द्या बाबूजी. वहिनी आपल्याच होत्या. त्यांचं एक मत कामी पडन. मागच्या वेळी चारच मतांनं पडलो ना आपण." राखीनं खूण केली.

आज तुझ्या आईच्या नावाची मतदानाची पर्ची तयार होती. मतदानाला दुसऱ्या टोल्यावरची, पलीकडच्या वस्तीतली एक बाई पाठवणार आहेत. ती घाबरत होती, तर क्लबातला अंकित म्हणाला, "पदर घ्या न् जा मावशी, चेहरा कोण पाह्यते बापा!" सगळे हसले. मीही हसलो.

मी तीस वर्षं या क्लबात आहे, पण तुला माहीत नसेल, आईनं मत कोणाला दिलं ते मला कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, "तुमचं तुम्ही पाहा ना जी." मला वाटतं, ते दर वेळी आम्हाला नसावं. एकदा आम्ही हरलो त्या संध्याकाळी तिनं खीर केली होती. मी दोन वाट्या खाल्ल्या.

सुखरामभाऊंना काय बोलू? आईला गोंदियाच्या दवाखान्यात न्यायला गाडी त्यांनीच काढली. ती गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मंडप, खुर्च्या, सगळं त्यांनीच पाहिलं. ते वाईट माणूस नाहीत.

नाव कमी करायचा अर्ज ३० तारखेपर्यंत घेतात. काल तहसीलला गेलो होतो. मृत्यूचा दाखला पिशवीत होता. टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, "क्या काम है, बाबूजी?" मी म्हटलं, "कुछ नहीं, लिस्ट देखनी थी." लिस्ट पाहिली आणि परत आलो. आई गेली, हे वाक्य आठ महिन्यांत मी माझ्या तोंडानं एकदाही म्हटलेलं नाही. गावाला माहीतच होतं, तुलाही राजूमामानं कळवलं. तू ३० च्या आधी एक दिवस ये. तिथं तू सांग. मी बाजूला उभा राहीन, सही करीन. नंतर क्लबात काय सांगायचं ते मला सुचत नाही.

ऊन उतरलं आहे. तारेवरचे कपडे काढून घड्या घालतो.

तुझेच,
बाबा