तुझ्या सुनेचं नाक

माय, तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तू असताना लिहिलं असतं, तरी ते वाचून दाखवायला मलाच घरी यावं लागलं असतं. आता मी लातूरला टँकर धुवायच्या सेंटरवर बसलोय. टाकीला वाफ मारून झालीय, वरचं झाकण उघडं ठेवून ती वाळायला सोडलीय. वाळली की कारखान्यात जाऊन सोयाबीनचं तेल भरायचं आणि नांदेडच्या पॅकिंगवाल्याकडे पोचवायचं. काम तेच आहे, गाडी तेवढी नवी मिळाली. आणि एक गोष्ट तुला खरी वाटणार नाही. तुझी सून माझ्यासोबत असते. आत्ता समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेलीय, आणि टपरीवाल्याला चहात आलं कमी पडलं म्हणून नक्की सुनावत असेल.

कंधारच्या वसतिगृहाच्या सैपाकघरात तू मला अजून दिसतेस. पदर खोचलेला आहे, चुलीच्या धगीनं तोंड लाल झालंय, आणि भाजीच्या मोठ्या पातेल्यावर वाकून, डोळे मिटून तू वास घेतेस. चव कधी घ्यायची नाहीस. "लेकरायच्या आधी सैपाकिनीनं तोंड लावायचं न्हाई," म्हणायचीस, आणि नुसत्या वासावर मीठ कमी की जास्त ते सांगायचीस. मला नाक तुझ्याकडूनच आलं. मी टँकरवर लागलो तेव्हा तू गल्लीभर सांगत फिरलीस, "माझं लेकरू लोकायच्या पोटात जाणारं वाहतंय, वाळू-सिमिट न्हाई." मला तेव्हा लाज वाटायची, आता ते आठवलं की बरं वाटतं. आमच्या धंद्यात टाकीचा पहिला वास ड्रायव्हरनं घ्यायचा असतो. कारखान्यातला केमिस्ट नंतर बघतो, पण त्याआधी ड्रायव्हरनं झाकणात डोकं घालून टाकी चांगली आहे असं सांगावं लागतं. आत जुनं तेल राहिलं तर ते खवट होतं आणि वर भरलेला सगळा माल नासतो.

मागच्या वर्षी मला ताप आला आणि उतरताना माझी वास घ्यायची शक्ती घेऊन गेला. मला कळलंसुद्धा नाही. मी चुलीपाशी पेपर वाचत बसलेलो, आणि ही परसातून ओरडत आली, "आवो, दूध करपून कोळसा झालं की! नाकात बोळे घातलेत का काय?" मी हसलो. मग गुपचूप लसूण ठेचून नाकाला लावला, रॉकेलची बाटली उघडून बघितली. काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, सांगता येत नाही. मी फार घाबरलो, माय. मालकाला सांगितलं असतं तर त्यानं मला वाळूच्या गाडीवर टाकलं असतं, आणि त्याचं चुकलं नसतं. पण सगळा जन्म स्वच्छ काम केल्यावर या वयात ते हातातून जाणं मला सोसलं नसतं. न हुंगता "चांगली आहे" म्हणणं तर माझ्याच्यानं झालं नसतं. शेवटी मी हिलाच म्हणालो, तू चल माझ्यासोबत. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमच्या मायनं माझ्या सैपाकाला उभ्या जन्मात चांगलं म्हणलं न्हाई. आन् आता मला टँकर हुंगाया लावताव व्हय?"

पण आली. मालकाला सांगितलं की पोरं आपापल्या संसाराला लागली, हिला घरी एकटीला करमत नाही. पहिल्याच खेपेला इथंच, साडीचा काष्टा मारून ती टँकरच्या शिडीवर चढली आणि सेंटरवरची माणसं हसायला लागली. एक जण म्हणाला, "वहिनी, हे काय भाजीचं पातेलं हाय व्हय?" ती वरूनच म्हणाली, "पातेलंच हाय, जरा मोठं हाय." मग खाली आली, मागं जाऊन वाकली, आणि तेल सोडायच्या तोटीला नाक लावून म्हणाली, "हितं खवट वास मारायलाय." तोटी खोलली तर आत जुन्या तेलाचा पिवळा गोळा अडकलेला. हिला हे सुचलं कसं, म्हणून मी विचारलं. "तुमच्या मायनंच शिकवलं. लग्न होऊन आले तवा माठ घासला, तोटी घासली न्हाई, म्हणून लई बोलल्या व्हत्या. रडले व्हते मी." एवढं बोलून तिनं तोटी फडक्यानं पुसली आणि म्हणाली, "बरं झालं बोलल्या." माय, हे तुझ्या कानावर घालायचं होतं. तू तिला कधी चांगलं म्हणाली नाहीस, म्हणून तुझ्या वतीनं मी म्हणतो.

आता जे सांगतो ते कुणालाच सांगितलेलं नाही. दिवाळीनंतर एकदा रिकामी गाडी घेऊन आम्ही लातूरला येत होतो. अहमदपूर मागं पडलं होतं. हिनं तिथल्या बाजारात मेथी घेतली होती आणि केबिनमध्ये मांडीवर पेपर पसरून ती निवडत बसली होती. एकदम मला मेथीचा वास आला. आधी वाटलं, भास होतोय. मग तिच्या केसातल्या तेलाचाही आला, आणि माझे डोळेच भरले. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती बाहेर बघत म्हणाली, "मला आता घरी बसवत न्हाई बघा. आदी तुमी कुटं जाताव, काय खाताव, कायबी ठावं नसायचं. फोनवर जेवलाव का एवढंच इचारायचं." मी तोंड मिटलं. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही जेवढं बोललो नसू, तेवढं या रस्त्यावर बोललोय. नाक आलं म्हटलं की दुसऱ्या दिवशी ती घरी राहणार, आणि मी पुन्हा एकटा.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. घरी ठेवलं तर तिच्या हाती लागेल, म्हणून इथंच फाडतो. ती चहाला गेली तेव्हा मी वर जाऊन हुंगून आलोय. टाकी चांगली आहे, तोटीही चांगली आहे. ती आता येतेय. ती वर चढून तसं सांगेपर्यंत मी खाली शिडी धरून थांबणार आहे.