औषधवालीचा नवरा

४ फेब्रुवारी, मंगळवार

बाईंनी निबंध परत केला. समासात तांबड्या शाईने एकच ओळ— 'अकरा पानं वाचली, एकही प्रेत दिसलं नाही!'

दिसेल कसं? मी प्रत्येकावर पांघरूण घातलंय. विषय मीच निवडलेला— आजच्या नॉयर, म्हणजे गुन्ह्याच्या काळोख्या कथांमधल्या नायिका, तीन कथांची तुलना. पहिली टॅक्सी चालवते, दुसरी विम्याचे दावे तपासते, तिसरीचं औषधांचं दुकान. तिघींच्याही हातून काहीतरी काळंबेरं होतं. आणि मी काय लिहिलंय? 'औषधवालीने नवऱ्याला बहुधा अजाणतेपणी चुकीच्या गोळ्या दिल्या असाव्यात.'

बाई म्हणाल्या, "अजाणतेपणी? सलग तीन महिने? अगं, तू तिची वकील आहेस का?" वर्ग हसला. मीही हसले. कान मात्र घरी येईपर्यंत गरम होते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे मी एक चुकीचं वाक्य लिहिलं तर अख्खं खानदान नापास होईल, असं वाटत राहतं. म्हणून ते 'बहुधा'. म्हणून ते 'असावं'.

६ फेब्रुवारी

दुकानात बसून वाचत होते. दुकान कसलं, आमच्याच इमारतीच्या जिन्याखालची खोली! दोन शिलाई मशीन, एकावर आई, दुसऱ्यावर मावशी. पँट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं.

"मनातल्या मनात काय वाचतेस चोरासारखी?" मावशी म्हणाली. "मोठ्याने वाच. हात गुंतलेत, कान रिकामेच आहेत."

मग टॅक्सीवालीची गोष्ट वाचली. मागच्या सीटवरचा माणूस मेलाय हे तिला आरशात दिसतं, तरी ती गाडी थांबवत नाही, त्याच्याशी गप्पा मारत शहरभर फिरते.

"पोलिसांत का नाही गेली?" आई.

"जाऊन? ते आधी हिलाच धरतील," मावशी.

"मग मीटर तरी बंद करायचं बाईने. मेलेल्याकडून कसले पैसे घ्यायचे!"

बाईंच्या वर्गात अशी चर्चा कधी होत नाही.

८ फेब्रुवारी

विमावालीची वाचली. ती खोटा दावा ओळखते आणि तरी पास करते, कारण दावा करणारीच्या मानेवर तिला वळ दिसतात. मला ही सगळ्यात आवडते. मावशी काज करता करता पेंगली. "तुझी ही बाई फारच फायली बघते गं."

१० फेब्रुवारी, सोमवार

औषधवाली! आज दोन्ही मशीन थांबली. रफू करून घ्यायला आलेली गिऱ्हाइकं शर्ट हातात घेऊन तशीच उभी. नवरा रोज जेवताना हिला टाकून बोलतो. ही रोज त्याच्या डबीत गोळ्या भरून देते, तशाच दिसणाऱ्या, पण त्या नव्हेत. तो जातो. कुणालाच संशय येत नाही. उलट पोलीस हिलाच मदतीला बोलावतात— बाई, जरा या गोळ्या ओळखून द्या. शेवटी साहेब एका औषधाचं प्रमाण चुकीचं सांगतात आणि हिला ते सहन होत नाही. ती चूक सुधारते. तिथे सापडते.

"गप्प बसली असती तर?" आई हळहळली.

"ही पण आपल्या बॅरिस्टरसारखीच," मावशी माझ्याकडे बघून म्हणाली. "कुणी चुकलं की हिच्या पोटात दुखतं."

खरंच दुखतं. काय करू!

पण संध्याकाळी एक गोष्ट सुचली आणि लगेच लिहून काढली. तिघी इतके दिवस सुटतात कशा? हुशारीने नव्हे. त्यांच्याकडे कुणी बघतच नाही म्हणून. जुन्या कथांमध्ये बाई दारात उभी राहिली की सगळ्यांची नजर तिच्यावर, आणि ती बाई म्हणजे सापळा. या नव्या तिघी मात्र खोलीत असतात आणि कुणाला दिसत नाहीत. एकही 'बहुधा' न घालता अर्धं पान झालं. मग भीती वाटून एक घातला.

१७ फेब्रुवारी

देवा!

गिऱ्हाईक थांबलं की त्याला बोलण्यात गुंतवायचं, ही आईची जुनी पद्धत. उशीर लक्षात येत नाही. आठवडाभर तिने गिऱ्हाइकांना औषधवाली ऐकवली. सुरुवात अशी— "एक बाई आहे, औषधांच्या दुकानात असते..."

तिसऱ्या मजल्यावर महिन्याभरापूर्वी मोजकंच सामान घेऊन एक नवी भाडेकरू आलीय. एकटी. औषधांच्या दुकानात कामाला.

पुढचं लिहायला नकोच. आज जिन्यात शेजारीण कानाशी लागली, "तिच्याकडचं पाणीसुद्धा पिऊ नकोस हं. नवऱ्याला गोळ्या घालून आलीय."

धावत खाली गेले. "आई, ती गोष्ट होती!"

"मी कुठे म्हटलं नव्हती म्हणून?"

"पण होती असं तरी सांगितलंस का?"

"कुणी विचारलं नाही."

मावशी मशीनवर डोकं टेकून हसत होती. मला रडू येत होतं. आईने माझा चेहरा पाहिला आणि मग तिचंही तोंड उतरलं. "बाई गं. आता?"

१८ फेब्रुवारी

दुपारी ऐकलं की घरमालक तिला खोली खाली करायला सांगणार आहेत. जेवण गेलं नाही. एका बाईची खोली जाणार, आणि का? तर मी मोठ्याने वाचलं म्हणून!

ठरलं. आधी तिची माफी मागायची. मग पुस्तक घेऊन घरमालकांकडे. छापलेलं पान दाखवलं की विश्वास बसेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार

गेले. दारातच सगळं एका दमात सांगून टाकलं. निबंध, आई, गोळ्या, प्रमाण. मध्ये कुठेतरी "मी तुमची आभारी आहे"सुद्धा म्हणाले, का ते माहीत नाही.

ती कपडे वाळत घालत होती. ओला टॉवेल हातात धरून ऐकत राहिली. मग इतकी हसली की टॉवेलानेच डोळे पुसले.

"अगं, माझा नवरा ठणठणीत आहे. वेगळे झालोय इतकंच. दर महिन्याला फोन करून इस्त्री परत मागतो. म्हणजे हे काम तुझं होतं! मी विचार करत होते की नळ अचानक बरा कसा झाला."

"नळ?"

मग तिने सांगितलं. राहायला आल्यापासून घरमालक आठवड्यातून तीनदा वर यायचे. नळ गळतोय का बघतो. खिडकी लागते का बघतो. एकदा दार वाजवलंसुद्धा नाही, स्वतःची किल्ली लावून आत. ती आंघोळीहून बाहेर येत होती. त्या दिवसापासून कडीला खुर्ची लावून झोपायची. दुसरी खोली बघत होती, पण एकट्या बाईला कोण देतंय?

"आणि गेल्या आठवड्यात जिन्यात समोर आले तर भिंतीला चिकटून उभे राहिले. मी म्हटलं, चहा घेता का काका? पळालेच!"

"पण ते खोली खाली करायला—"

"सांगू दे की समोर येऊन. आठ दिवस झाले, येतच नाहीत." हसणं थांबलं. "तू त्यांना खरं सांगणार आहेस?"

मी मान डोलावली. पुस्तक बगलेत होतं.

"नको सांगूस," ती म्हणाली. "हात जोडते. आठ दिवस खुर्ची न लावता झोपलेय."

२० फेब्रुवारी

काही सुचत नाही. खोटं मी बोलले नाही, पण खोटं माझ्यामुळे उभं आहे. पाडलं तर नळ पुन्हा गळायला लागणार. ठेवलं तर एक चांगली बाई सगळ्यांच्या तोंडी खुनी. ती म्हणते चालेल. मला का चालत नाही?

आईला नळाचं सांगितलं. तिने पायाने मशीन चालवायला घेतलं ते थांबवलंच नाही. सुईवरची नजर न काढता म्हणाली, "मी नाही हो कुणाला सांगणार ती गोष्ट होती म्हणून." मावशीने दोऱ्याचं रीळ तिच्याकडे भिरकावलं. "आत्तापर्यंत सांगितलंस कुठे!"

२२ फेब्रुवारी

निबंध पुन्हा लिहिला. औषधवालीबद्दल सरळ वाक्य— 'तिने नवऱ्याला मारलं.' बाईंनी वाचून चष्मा काढला. "आलं बाई एकदाचं प्रेत! आता शेवटचं पान. तिघींना लेखिका शेवटी पकडून देतात किंवा एकटं सोडतात. का? तुझं मत लिही."

मत! ते कुठून आणू?

२४ फेब्रुवारी, सोमवार

घरमालकांनी निरोप पाठवलाय. उद्या दुकानात येणार, माझ्याशीच बोलायचंय. शिकलेली मुलगी आहे, खरं काय ते तीच सांगेल, म्हणाले.

मी खोटं बोलणार नाही. 'मला ठाऊक नाही' एवढंच म्हणेन. आरशासमोर म्हणून बघितलं. तोंडावर सगळं दिसतं! मावशी म्हणाली, "तू पाठमोरी उभी राहूनच बोल."

२५ फेब्रुवारी

आले. दोन्ही मशीन बंद झाली. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "खरं सांग पोरी. त्या बाईने नवऱ्याला...?"

"नाही काका," मी म्हटलं. "नवरा जिवंत आहे. गेले ते तिचे आधीचे घरमालक."